क्योतोमधील आरामाचा दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानच्या दहा-बारा दिवसांच्या सहलीत क्योतोसाठी तीन-चार दिवस ठेवले जातात. त्यांतला एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा, असे मी सुचवले की पुढची शंकांची यादी जवळपास ठरलेलीच असते. पुन्हा पुन्हा येणाऱ्या त्या शंका येथे एकत्र केल्या आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एवढे पैसे खर्च करून जायचे आणि एक दिवस काहीच पाहायचे नाही, हे परवडते का?

आरामाचा दिवस म्हणजे खोलीत पडून राहण्याचा दिवस नव्हे. ज्या दिवशी वाहन गाठायचे नाही, प्रवेशाचे तिकीट काढायचे नाही आणि घड्याळाशी बांधील राहायचे नाही, तो आरामाचा दिवस, अशी माझी साधी व्याख्या आहे. क्योतोची मंदिरे पाहणे हे पायांचे काम आहे. कियोमिझुचा चढ, फुशिमी इनारी देवस्थानाच्या तोरींखालून, म्हणजे लाल कमानींखालून, २३३ मीटर उंचीच्या डोंगरावर जाणाऱ्या पायऱ्या, अंगणांतील खडी आणि दर दारापाशी बूट काढणे-घालणे, हे सलग चार दिवस केल्यावर पाचव्या दिवशी कितीही सुंदर बाग समोर आली तरी मन तिच्याकडे जात नाही. माझ्या पहिल्या सहलीत मी सहा दिवस खंड पडू दिला नाही. शेवटच्या दोन दिवसांतली मंदिरे मला आज छायाचित्रे पाहूनही वेगवेगळी आठवत नाहीत. म्हणून मी हा दिवस वाया गेलेल्या दिवसांत धरत नाही. तो ठेवला, तरच बाकीचे दिवस हाती लागतात.

२. हा दिवस सहलीत कधी ठेवावा? पोहोचल्यावर लगेच की मध्ये?

मध्ये ठेवावा, साधारण चौथ्या किंवा पाचव्या दिवशी. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तासांनी पुढे आहे. हा फरक अमेरिकेच्या प्रवासासारखा शरीराला उलटेपालटे करणारा नाही, त्यामुळे केवळ त्यासाठी पहिला दिवस खर्ची घालण्याची गरज नसते. मात्र तेथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजलेले असतात आणि पहिले दोन-तीन दिवस उठणे जड जाते, हे लक्षात ठेवावे. वार निवडता येत असेल तर सोमवार सोयीचा आहे, कारण अनेक संग्रहालये सोमवारी बंद असतात आणि त्या दिवशी तुमचे काही हुकत नाही. सोमवारी सार्वजनिक सुटी आली तर संग्रहालये त्या दिवशी उघडी राहून बहुधा मंगळवारी बंद असतात. टोकियोहून ओसाकाकडे जाणाऱ्या नेहमीच्या मार्गावर चौथा-पाचवा दिवस आपोआपच क्योतोत येतो.

३. क्योतोतच का? आणि त्यासाठी मुक्काम कोणत्या भागात असावा?

टोकियोत मोकळा दिवस ठेवला तरी शहर तुम्हाला ओढत राहते. क्योतोचा मध्यभाग सपाट आहे, रस्ते काटकोनात आहेत आणि नदी शहराच्या मधोमध, पायी पोहोचता येईल अशी आहे. मुक्काम क्योतो स्थानकाजवळ असेल तर गाड्यांची सोय उत्तम होते, पण मोकळ्या दिवशी बाहेर पडल्यावर समोर बसस्थानक आणि मोठी दुकाने येतात. माझा कल मारुतामाची आणि सान्जो या रस्त्यांच्या दरम्यानच्या भागाकडे आहे. तेथून उत्तरेला जुन्या राजवाड्याभोवतीचे उद्यान, पूर्वेला कामो नदी आणि दक्षिणेला छताखालची बाजारपेठ, असे तिन्ही पायी गाठता येते. मुक्काम दूर असेल तर एकदा बस घ्यावी. शहरात बसचे सरसकट भाडे २३० येन आहे.

४. मग दिवसभर नेमके करायचे काय?

याचे खरे उत्तर कामो नदी हे आहे. सान्जोच्या पुलाखाली उतरावे आणि पाण्याच्या कडेने उत्तरेला, देमाचीयानागीच्या दिशेने चालत राहावे. अंतर जेमतेम अडीच किलोमीटर आहे, पण त्याला दोन तास लागू द्यावेत. नदी उथळ आहे आणि दर थोड्या अंतरावर बुटक्या बांधावरून घसरताना तिचा एकसारखा आवाज येत राहतो. मध्येच एखादा बगळा पाण्यात एका पायावर उभा असतो, पुलाच्या सावलीत कोणी तुतारीसारख्या वाद्याचा रियाज करत असतो, आणि संध्याकाळी काठावर जोडपी सारखे अंतर राखून अशी बसतात, की जणू कोणी आखणी करून दिली आहे. हे सगळे शहरातील लोकांचे रोजचे जगणे आहे आणि आपल्याला त्यात काहीही न करता बसता येते.

देमाचीयानागीला ताकानो आणि कामो या नद्या मिळतात. तेथे पात्रात ओळीने मोठे दगड बसवले आहेत, काही चौकोनी, काही कासवाच्या आकाराचे, आणि त्यांवरून उड्या मारत पलीकडे जाता येते. मुले आणि आजोबा दोघेही तितक्याच गांभीर्याने पार होतात. कासवाच्या पाठीवर उभे राहिले की दोन्ही बाजूंनी पाणी पायाच्या इतके जवळून जाते, की दोन मिनिटे तेथून हलावेसे वाटत नाही. मागे कोणी थांबले नाही ना, एवढे पाहावे. जवळच १८९९ पासून चालत आलेले देमाची फुताबा हे मिठाईचे दुकान आहे. तेथील मामे-मोची म्हणजे चिकट तांदळाच्या मऊ आवरणात अझुकी या लाल कडधान्याचे गोड पुरण आणि आवरणात अख्खे तांबूस वाटाणे. वाटाणे किंचित खारट असतात आणि पुरणपोळीवर वाढलेल्या जिभेला ती चव लगेच कळते. रांग असते, पण ती पुढे सरकत राहते. मोची त्याच दिवशी खावी.

एक सावधगिरी मनापासून सांगतो: नदीकाठी खाताना डोक्यावर लक्ष ठेवावे. तेथे घारी आहेत आणि त्या मागून येऊन हातातले खाणे उचलतात. तशा इशाऱ्याचे फलकही लावलेले आहेत. माझ्या शेजारच्या बाकावरील एका मुलाच्या हातातील पाव अशाच एका झडपेत गेला. त्याला इजा झाली नाही, पण तो फार घाबरला. झाडाखाली किंवा पुलाखाली बसून खाणे बरे.

नदीचा कंटाळा आला तर राजवाड्याभोवतीचे उद्यान आहे, क्योतो ग्योएन. दक्षिणोत्तर सुमारे १,३०० मीटर आणि पूर्व-पश्चिम ७०० मीटर एवढा हा परिसर कोणत्याही वेळी विनामूल्य खुला असतो. येथे एकेकाळी दरबारी सरदारांचे वाडे होते. १८६९ मध्ये दरबार टोकियोला गेल्यावर वाडे ओस पडले आणि त्या जागेचे उद्यान झाले. रुंद वाटांवर जाड खडी अंथरलेली आहे आणि तिच्यामधून सायकलस्वारांच्या चाकांनी एक वीतभर रुंदीची गुळगुळीत पट्टी तयार झाली आहे. कोणी ती आखलेली नाही, तरी सगळे सायकलस्वार तिच्यावरूनच जातात आणि समोरून दुसरा आला की एक जण खडीत उतरून वाट देतो. एका बाकावर बसून मी हे बराच वेळ पाहत राहिलो होतो.

५. सकाळी उशिरा उठलो तर नाश्त्याचे काय? हॉटेलचा नाश्ता तर लवकर संपतो.

बहुतेक हॉटेलांत नाश्ता साडेनऊ-दहाला आवरतो. त्यासाठी झोपमोड करू नये. क्योतो हे जुन्या कॉफीगृहांचे शहर आहे. त्यांना किस्सातेन म्हणतात. इनोदा कॉफीची सुरुवात १९४० ची, तर १९३४ मध्ये सुरू झालेल्या फ्रान्सुआ या कॉफीगृहाच्या इमारतीला सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदणी मिळालेली आहे. सकाळच्या वेळी अनेक किस्सातेनमध्ये ‘मोनिंगु’ मिळते: जाड कापाचा भाजलेला पाव, लोणी, बहुधा उकडलेले अंडे आणि कॉफी. एका कॉफीवर तासभर बसले तरी कोणी बिल आणून ठेवून उठवत नाही. मात्र बाहेर रांग दिसली तर आपणच उठावे, हा तेथील रिवाज आहे. टिप ठेवायची नसते. एप्रिल २०२० पासून उपाहारगृहांत धूम्रपानावर निर्बंध आहेत, पण काही लहान जुन्या दुकानांना सवलत आहे, म्हणून धुराचा त्रास होत असेल तर दारावरील खूण पाहूनच आत जावे.

चहाच हवा असेल तर तेरामाची रस्त्यावरील इप्पोदो हे १७१७ पासूनचे चहाचे दुकान आहे आणि त्याला जोडून बसून पिण्याची जागा आहे. आपल्या दूध-आल्याच्या चहाची अपेक्षा ठेवून जाऊ नये. होजिचा, म्हणजे भाजलेल्या पानांचा चहा, मराठी माणसाला सर्वांत आधी आवडतो, असा माझा अनुभव आहे.

६. आम्ही शाकाहारी आहोत. मोकळ्या दिवशी जेवणाची शोधाशोध करावी लागली तर आराम कसला?

ही काळजी रास्त आहे, म्हणून दोन्ही वेळचे जेवण आदल्या दिवशी ठरवून ठेवावे. अडचण मांसाची नसून दाशीची आहे. दाशी म्हणजे सुकवलेल्या माशाच्या किसापासून काढलेले पाणी. ते वरून शाकाहारी दिसणाऱ्या सूपमध्ये, भाजीत, अगदी इनारी सुशीच्या गोड तोफूच्या पिशवीतही असू शकते. ‘मांस नको’ असे सांगून हा प्रश्न सुटत नाही. दाशी कोंबू या समुद्री वनस्पतीची आहे का, हे विचारावे लागते. बौद्ध मठांच्या परंपरेतील शोजिन र्‍योरी हे जेवण मात्र मांस-मासे वर्ज्य करूनच रांधले जाते आणि क्योतो त्यासाठी प्रसिद्ध आहे. बेत असा ठेवावा: दुपारी आधीच आरक्षित केलेले शोजिन जेवण शांतपणे करावे आणि रात्री खोलीवर आपल्या डब्यातले खावे. कोन्बिनी या छोट्या किराणा-खाऊच्या दुकानांतून साधा भात, उमेबोशी (खारवलेले आंबट फळ) घातलेली ओनिगिरी (भाताचा मुटका), फळे आणि दही मिळते. सोबत नेलेली मेतकुटाची डबी आणि लसणीची चटणी त्या भातावर फार कामाला येते. कडक नियम पाळणाऱ्यांनी ओनिगिरीच्या वेष्टनावरील घटकांचे भाषांतर फोनवर करून पाहावे. उपवासासाठी प्रश्न १५ पाहा.

७. सेंतोत जावे का? संकोच वाटतो.

जावे, असे मी आग्रहाने सांगेन. सेंतो म्हणजे वस्तीतील सार्वजनिक स्नानगृह. दर साधारण ५०० येनच्या आसपास असतो आणि त्याची कमाल मर्यादा प्रांतिक प्रशासन ठरवते. स्त्री-पुरुषांचे भाग पूर्ण वेगळे असतात. कपडे पूर्ण काढावे लागतात, हा संकोचाचा मुद्दा खरा आहे. पण आत सगळे आपापल्या अंघोळीत असतात आणि पहिल्या पाच मिनिटांनंतर त्याचे काही वाटत नाही. नियम एकच, पण तो मोडता कामा नये: आधी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचे आणि मगच गरम कुंडात उतरायचे. छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नसतो. लोक तो घडी करून डोक्यावर ठेवतात.

१९२३ सालचे फुनाओका ओन्सेन पाहण्यासारखे आहे. नावात ओन्सेन, म्हणजे गरम पाण्याचा झरा, असले तरी ते वस्तीचे सेंतोच आहे. कपडे बदलण्याच्या खोलीतील लाकडी कोरीवकाम आणि भिंतींवरील रंगीत माजोलिका फरशा पाहताना माणूस पंचा हातात घेऊन उभाच राहतो. गोंदवलेल्या अंगाला मोठ्या ओन्सेन-हॉटेलांत मज्जाव असतो, तसा तो सेंतोत सहसा नसतो. बहुतेक सेंतो दुपारनंतर उघडतात आणि आठवड्यातून एक दिवस बंद असतात, म्हणून वार पाहून जावे. गरोदर स्त्रियांनी, तसेच रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गरम कुंडात बसू नये.

८. कपडे धुण्याचे काम याच दिवशी उरकावे का?

होय, आणि सकाळीच. अनेक हॉटेलांत नाणी टाकून चालणारी यंत्रे असतात. संध्याकाळी त्यांच्यासमोर थांबावे लागते, तर सकाळी दहानंतर ती बहुधा मोकळी असतात. १०० येनची नाणी जमवून ठेवावीत. काही यंत्रांत साबण आपोआप पडतो, तेव्हा वेगळा घालण्यापूर्वी यंत्रावरील सूचना पाहावी. सुती कुर्ते आणि रेशीममिश्रित कपडे वाळवणीच्या यंत्रात घालू नयेत.

९. दिवसभर खोलीत लोळायचे असेल तर सफाईवाले उठवतील का?

दारावर ‘व्यत्यय नको’ची पाटी लावली की बहुतेक हॉटेलांत कोणी येत नाही; टॉवेल दारात ठेवले जातात. र्‍योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी निवासगृहात, मात्र पाहुण्यांनी दुपारी खोलीत नसावे असे गृहीत धरलेले असते आणि गाद्या आवरायला माणसे येतात. आरामाच्या दिवसासाठी र्‍योकानपेक्षा साधे हॉटेल बरे. त्या दिवशी हॉटेल बदलायचे तर मुळीच ठेवू नये: दहा-अकराला खोली सोडायची आणि तीनला नवी मिळायची, या मधल्या वेळेत तुम्ही अक्षरशः रस्त्यावर असता.

१०. पाऊस लागला किंवा उन्हाळा असह्य झाला तर?

जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा असतो. अशा वेळी तेरामाची आणि शिन्क्योगोकु या छताखालच्या बाजारपेठांत छत्रीशिवाय फिरता येते. त्यांना लागून असलेली सुमारे ३९० मीटर लांबीची निशिकी बाजाराची गल्लीही छताखाली आहे. तेथे चालता चालता खाऊ नये, घेतलेल्या दुकानापाशीच संपवावे. २००६ मध्ये जुन्या तात्सुइके प्राथमिक शाळेच्या इमारतीत सुरू झालेले मांगा, म्हणजे जपानी चित्रकथांचे, संग्रहालय तर आळसासाठीच केले आहे असे वाटते. लाकडी जिने करकरतात, मार्गिकांमध्ये भिंतभर पुस्तके आहेत आणि लोक जागा मिळेल तेथे बसून वाचत असतात. जपानी येत नसले तरी चित्रे वाचता येतात आणि इतर भाषांतील काही पुस्तकेही आहेत.

उन्हाळ्याचे वेगळे आहे. क्योतो तिन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेले असल्याने हवा कोंडते आणि जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ च्या वर जाणे नेहमीचे आहे. विदर्भाची सवय असलेल्यालाही ती दमट उष्णता त्रास देते. नदीचा फेरफटका सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर करावा आणि दुपार खोलीत घालवावी.

११. रेल्वे पास घेतला आहे. मोकळ्या दिवसाने त्याचे पैसे वाया जातात का?

जातात, म्हणून आधी हिशोब करावा. देशभराचा सात दिवसांचा जपान रेल पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येन झाला आणि त्याचे दिवस सलग मोजले जातात. म्हणजे एक न वापरलेला दिवस सात हजार येनहून जास्त किमतीचा असतो. पास क्योतो सोडण्याच्या दिवशी सुरू करावा किंवा क्योतोत पोहोचण्याच्या दिवशी संपेल असा बसवावा. टोकियो-क्योतो-ओसाका एवढाच प्रवास असेल तर आता सुटी तिकिटेच स्वस्त पडतात आणि हा प्रश्नच राहत नाही.

१२. दुसऱ्या दिवशी शिन्कान्सेन या वेगवान रेल्वेने पुढे जायचे आहे. सामानाची आवराआवर दिवस खाऊन टाकते, त्याला उपाय आहे का?

सामान आदल्या दिवशीच पुढे पाठवावे. १९७६ मध्ये सुरू झालेली ताक्क्युबिन ही घरपोच सामान पोहोचवणारी सेवा हॉटेलच्या स्वागतकक्षातूनच मिळते. मोकळ्या दिवशी सकाळी मोठी बॅग दिली की ती टोकियोच्या हॉटेलात साधारणपणे दुसऱ्या दिवशी पोहोचते. एका रात्रीचे कपडे, औषधे आणि पासपोर्ट मात्र खांद्यावरच्या पिशवीत ठेवावेत. याचा आणखी एक लाभ असा की, लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरहून मोठ्या बॅगेसाठी तोकाइदो या टोकियो-ओसाका शिन्कान्सेन मार्गावर मे २०२० पासून विशेष आसन आरक्षित करावे लागते, ते टळते.

१३. मोकळ्या दिवशी नारा किंवा आराशियामा उरकले तर?

मग तो मोकळा दिवस राहत नाही. नारा रेल्वेने पाऊण तासावर आहे हे खरे, पण तेथे पोहोचल्यावर दिवसभर चालणेच आहे. त्याला वेगळा दिवस द्यावा. गिओन या गेइशांच्या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून नुसते भटकणेही वाटते तितके निवांत नाही: त्या भागातील काही खाजगी गल्ल्या २०२४ पासून पर्यटकांसाठी बंद आहेत आणि शिरल्यास १०,००० येन दंडाच्या पाट्या आहेत. कामावर निघालेल्या माइकोंना, म्हणजे शिकाऊ गेइशांना, अडवून त्यांची छायाचित्रे काढणे तर कोठेही करू नये.

१४. आईबाबा सोबत आहेत. आम्हाला फिरायचे आहे, त्यांना विश्रांती हवी आहे. वेगळे झालो तर चालेल का?

चालेल, आणि बहुतेकदा तेच सर्वांच्या हिताचे असते. मागच्या वेळी माझ्या आईचा गुडघा सुजला होता, तरी ‘माझ्यामुळे तुमचे अडायला नको’ म्हणून ती निघाली, आणि दुपारी एका दगडी जिन्याच्या पायथ्याशी तिला बसवून आम्हाला वर जावे लागले. तिला आदल्या रात्रीच ‘उद्या तू आणि बाबा नदीवर’ असे सांगायला हवे होते, ही रुखरुख मला आजही आहे. ज्येष्ठांना विचारले की ते नको म्हणत नाहीत. म्हणून त्यांचा मोकळा दिवस घरी बेत आखतानाच लिहून टाकावा. त्यांच्या फोनमध्ये चालू इंटरनेट, खिशात हॉटेलचे जपानीत छापलेले कार्ड, थोडी रोख रक्कम आणि आणीबाणीसाठी ११९ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक असावा. हॉटेलजवळचे एक कॉफीगृह त्यांना आदल्या दिवशी प्रत्यक्ष दाखवून ठेवावे. ओळखीची एक खुर्ची असली की परके शहर त्यांना जड जात नाही.

१५. आमच्या मोकळ्या दिवशी नेमकी एकादशी येते. क्योतोत उपवासाला काय मिळेल?

साबुदाणा आणि वरीचे तांदूळ घरून न्यावे लागतील, पण रताळे तेथे मुबलक आहे. याकी-इमो म्हणजे भाजलेले रताळे. त्यात मीठ, तेल, साखर काहीही घातलेले नसते. थंडीच्या दिवसांत ते अनेक सुपरमार्केटच्या दाराशी तापत्या कपाटात ठेवलेले दिसते आणि काही कोन्बिनींतही मिळते. साल जांभळट, आतला गर गडद पिवळा आणि इतका गोड, की सालीवर पाकासारखा चिकट थर येतो. सोबत केळी, दूध, साधे दही आणि हिवाळ्यात मिकान ही संत्री घ्यावीत. दह्याच्या डब्यावर जिलेटिन नाही ना, एवढे पाहावे. रताळे कागदी पिशवीत देतात. ती पिशवी दोन्ही हातांत धरून ग्योएनमधील बाकापर्यंत चालत जावे; तेथे पोहोचेपर्यंत ते खाण्याइतके निवते आणि हातही उबदार राहतात.